तुडीलचा इटालियन चित्रकार

इटलीत म्हणे मोठमोठे चित्रकार होऊन गेले. गेले असतील बुवा, आपण काही बघायला गेलो नाही. पण आपल्या महाड तालुक्यात, सावित्रीच्या काठच्या तुडील गावात एक इटालियन चित्रकार राहतो आणि त्याचं चरित्र अजून कोणी लिहिलेलं नाही, ही काही बरी गोष्ट नव्हे. तिकडच्या चित्रकारांवर लिहायला पुण्या-मुंबईची माणसं पुष्कळ आहेत. इकडच्याचं काम आपल्यालाच उरकायला हवं.

चित्रकाराचं नाव भिकाजी तांबे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुडीलला उतरून तुम्ही "भिकाजी तांबे कुठं राहतात?" असं विचारलंत तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत बसतील. "भिकाजी? नाय बाबा, त्या नावाचा हितं कोण नाय." आणि "इटली पेंटर" म्हणालात की शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला हाताला धरून बौद्धवाडीत त्याच्या पडवीत नेऊन बसवील. सगळा गाव त्याला अरे-तुरे करतो. राग धरणारा माणूस नाही, म्हणून तूर्त आपणही अरे-तुरेच करू.

आता तो इटालियन कसा झाला ते ऐका.

भिकाजी तेव्हा मिसरूड फुटलेला तरणा पोर होता. चौथीत शाळा सुटली, पण हातात जन्मतःच ब्रश. पहिला काळ गेरूचा. शाळेच्या भिंतीवर, विहाराच्या ओट्यावर, नदीकाठच्या कातळावर, जिथं सपाट दिसेल तिथं हा बैल, होड्या, कोंबडे काढायचा आणि मार खायचा. मग महाडच्या बाजारात एका पेंटरच्या हाताखाली राहिला आणि ऑइलपेंटचा काळ सुरू झाला. अक्षर असं काढायचा की बघतच राहावं. फक्त एक होतं, अक्षरं त्याची आणि शुद्धलेखन दुसऱ्याचं. गिऱ्हाईक सांगेल ते हा लिहिणार. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं कधी जमलं नाही.

पोलादपूरच्या बाहेर, हायवेला येसाजीशेठनी नवं हॉटेल काढलं होतं. तिथं एसटी थांबायच्या. वडापाव, मिसळ सगळीकडेच होती, येसाजीशेठना काहीतरी नवीन पाहिजे होतं. त्यांनी एक आचारी आणला आणि भिकाजीला बोलावून सांगितलं, "मोठा बोर्ड कर. लांबून वाचता आला पायजे." आणि शेठ किराणा आणायला महाडला निघून गेले.

भिकाजी शिडीवर चढला. 'गरमागरम' लिहून झालं, लाल रंगात, पिवळी किनार मारून. आणि पुढे हात अडला. त्या पदार्थाचं नाव त्यानं ऐकलं होतं, खाल्लंही होतं, पण लिहिलेलं कुठं बघितलं नव्हतं. आचारी मागं भांडी आपटत होता, त्याला मराठी येत नव्हती. शिडीखाली एक मुलगी करवंदांची पाटी घेऊन एसटीची वाट बघत बसली होती. पोलादपूरजवळच्या वाडीवरची ललिता ती. सातवी पास झालेली, आणि ती सातवी तिच्या मानेच्या ताठ्यात दिसायची.

"काय लिवू गो?" भिकाजीनं वरून विचारलं. "ती सांबारात बुडवून खातात ती... पांढरी..."

"इटली," ललिता म्हणाली.

"आन् लिवतात कशी?"

"बोलतात तशी! इ इमारतीतला, ट टरबुजातला, आन् ल ला दुसरी वेलांटी. येवढं पन येत नाय, आन् चढलाय शिडीवर!"

झालं. भिकाजीनं लिहिलं, 'गरमागरम इटली'. आता तुम्ही हसू नका. आमच्या खाडीपट्ट्यापासून घाटापर्यंत सगळेच तिला इटली म्हणतात. येसाजीशेठसुद्धा इटलीच म्हणायचे. त्यांनी परत आल्यावर बोर्ड वाचला, मान डोलावली आणि भिकाजीला एक प्लेट इटली फुकट चारली. महिनोन् महिने कोणाला काही खटकलं नाही.

मग एक दिवस पुण्याची गाडी थांबली. आतली मंडळी उतरली, बोर्ड वाचला आणि पोट धरधरून हसायला लागली. एकानं आत जाऊन सांगितलं, "शेठ, एक प्लेट इटली द्या, आणि हिच्यासाठी अर्धी रोम!" येसाजीशेठना काही कळेना. कळलं तेव्हा ते आधी चिडले, पण पुण्याची मंडळी बोर्डाखाली उभी राहून फोटो काढतायत आणि प्लेटींवर प्लेटी हाणतायत, हे बघून शेठचा राग जिरला. त्यानंतर जी गाडी थांबायची ती बोर्ड बघायला थांबायची.

भिकाजीच्या कानावर गेलं तसा तो रंगाचा डबा घेऊन धावत आला. "शेठ, दोन फटके मारतो, ट चा ड करून देतो."

"हात तर लाव बोर्डाला!" येसाजीशेठ गरजले. "आरं, तो ट माज्या गल्ल्यावरचा देव हाय!"

बोर्ड तसाच राहिला आणि भिकाजीचा 'इटली' झाला. पोलादपुरात झाला, महाडात झाला, एसटीत बसून तुडीलला पोचेपर्यंत गावातही झालेला होता.

पण एक गोष्ट त्यानं कधी कोणाला सांगितली नाही. "असा कसा रे लिवलास?" म्हणून जो तो विचारायचा आणि हा नुसता हसायचा. शिडीखालच्या मुलीचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. उलट बोर्ड पुसायच्या निमित्तानं तो पुन्हा पुन्हा पोलादपूरला जायला लागला. करवंदांचा हंगाम संपला, तरी बोर्डाची पुसणी संपेना. शेवटी ललिताच्या बापानंच विचारलं, "आवो पेंटर, बोर्ड पुसायला येताव का सोयरीक करायला?" पेंटरनं मान खाली घातली आणि पुढच्या वैशाखात लग्न झालं.

त्या लग्नात एक घोटाळा झाला, तोही सांगायलाच हवा. बायकांनी ललिताला घेरलं. "नाव घे, नाव घे!" आपल्याकडे नवरीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. ललितानं पदर सावरला, तोंड उघडलं, आणि मांडवातून भिकाजीचे दोस्त ओरडले, "इटलीरावांचं नाव घ्या वैनी, इटलीराव!" सगळा मांडव खदखदला. ललिता लालबुंद झाली, कारण तो ट कोणाचा हे मांडवात दोघांनाच ठाऊक होतं. ती उठून जी आत पळाली ती पळालीच. नाव राहून गेलं. पुढं संसारात "अवो" झालं, मुलगी झाल्यावर "उज्ज्वलाचे बाबा" झालं, पण भिकाजी हे नाव तिच्या तोंडी कधी आलं नाही. त्याच्या आईबापाच्या माघारी तर ते कोणाच्याच तोंडी येईनासं झालं.

इथून पुढं या चित्रकाराची भरभराटच झाली, वाईट काही नाही. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची वाक्यं, शाळांच्या भिंतींवरचे पाढे, सगळं त्याच्या हातचं. मार्चमध्ये चवदार तळ्याला माणसांचा सागर लोटतो तेव्हा कापडावरची मोठमोठी चित्रं तोच करायचा. पंधरवडाभर जेवणाची शुद्ध नसायची. लांबलांबून आलेली माणसं त्या चित्रांपुढं हात जोडून उभी राहायची आणि भिकाजी गर्दीत मागं उभा राहून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचा. फार बरं वाटायचं त्याला. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत फोटोसकट बोर्ड छापून मिळायला लागला आणि पेंटर लोक घरी बसले. भिकाजी मात्र बसला नाही. नंबरप्लेट रंगव, देवळाची कमान रंगव, होड्यांची नावं लिही, असं त्याचं चालू राहिलं. महाडला मोठा पूर आला तेव्हा बाजारातले फ्लेक्स फाटून खाडीला गेले, आणि चिखल पुसल्यावर भिकाजीच्या जुन्या पाट्या जशाच्या तशा निघाल्या. दुकानदार म्हणाले, "इटलीचा माल लई टिकाऊ!"

सगळं छान होतं. पण साठीला आल्यावर भिकाजीला एक गोष्ट टोचायला लागली. हजारो लोकांची नावं आपण लिहिली आणि आपलं नाव कुठंच नाही. लिहिलेलं नाही ते नाही, बोललेलंही नाही. एकदा पडवीत बसल्या बसल्या तो ललिताला म्हणाला, "गो, उद्या मी मेलो ना, तर लोक बोलतील, इटली गेला. भिकाजी कदी व्हता, ते कोनाला कलनार पन नाय."

"काय तरी अभद्र बोलू नका," म्हणून ललितानं त्याला झापलं. पण त्या दिवशी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं.

आणि तशातच गावच्या शाळेचं नवं सभागृह बांधून झालं. आत एक लांबलचक कोरी भिंत. मुख्याध्यापिका सारिका मॅडमनी भिकाजीला बोलावून विचारलं, काही काढाल का? भिकाजी भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "काढतो. मजुरी नको. पन उद्घाटनाला माईकवरून माजं नाव घ्यायचं. पुरं. भिकाजी तांबे. आन् चित्राखाली मी ते सगल्यांसमोर लिवनार." मॅडम म्हणाल्या, एवढंच ना? नक्की.

पावसाळाभर भिकाजी त्या भिंतीला चिकटला. त्यानं आख्खी सावित्री काढली. वर घाटातले धबधबे, मग पोलादपूरचा पूल, महाडचा बाजार, तळं, तळ्यावरची माणसं आणि शेवटी रुंद होत होत खाडीला मिळालेली नदी, आणि काठावर तुडील. ललिता डबा घेऊन जायची आणि भिंतीपुढं बसून त्याला नावं ठेवायची, "त्या म्हशीला पाय तीनच हायत," "हा बाबा असा काय उभा, पोटात दुखतंय काय त्याच्या?" भिकाजी मुकाट्यानं म्हशीला चौथा पाय द्यायचा.

उद्घाटनाचं सूत्रसंचालन शाळा समितीच्या मंगेशकडे होतं. मंगेश मुंबईला नोकरी करून नुकताच गावात परत आलेला, उत्साह दांडगा. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, एकदम झकास करतो," म्हणून त्यानं व्हॉट्सअॅपवर निमंत्रण टाकलं: 'आपले सुप्रसिद्ध इटली पेंटर यांच्या भव्य चित्राचे अनावरण.' बिचाऱ्यानं वाईट काही केलं नव्हतं, त्याला दुसरं नाव सुचलंच नाही. पण निमंत्रण महाडला पोचेपर्यंत त्याचं 'इटलीचे पेंटर' झालं आणि पोलादपूरला पोचेपर्यंत 'इटलीहून खास आलेले जगप्रसिद्ध पेंटर' झालं.

त्या दिवशी तुडीलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून गोरा पाहुणा बघायला आलेल्या. येसाजीशेठ म्हातारे झाले होते, तरी पाहुण्याला खास म्हणून पातेलंभर इटली घेऊन हजर. एका कॉलेजातले प्राध्यापकही कोणाच्या तरी आग्रहानं आले होते. त्यांनी मंचावर उभं राहून आधुनिक इटालियन चित्रकलेवर भाषण ठोकलं. तिकडचे जुने चित्रकार ओल्या गिलाव्यावर रंग द्यायचे, आणि नंतरच्या कित्येकांचं नाव त्यांच्या हयातीत कोणी घेतलं नाही, असं ते कळवळून सांगत होते. पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसलेला भिकाजी कान देऊन ऐकत होता. "ओल्या गिलाव्यावर?" तो ललिताच्या कानात म्हणाला. "करून बगाया पायजे." आणि नाव कोणी घेतलं नाही हे ऐकून त्याला त्या लोकांची मनापासून कणव आली.

मग मंगेशनं माईक घेतला. भिकाजी सावरून बसला. आता. आता येणार.

"तर मंडळी, ज्यांची आपण आतुरतेनं वाट बघतोय, ते आपले लाडके, वन अँड ओन्ली... इटली पेंटर!"

भिकाजी उभा राहिला. लोक दाराकडे बघतायत, गोरा कुठं दिसतोय का. मग कोणीतरी ओरडलं, "आरं तिच्या, ह्यो तर आपला इटली!" आणि जो हशा उसळला म्हणता! प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात पडदा सरकला, लोक चित्राकडे धावले आणि हसू विसरून आ वासून बघत राहिले. ज्याला त्याला आपलं घर सापडत होतं. पोरांनी पोलादपूरचं हॉटेल शोधलं आणि कालवा केला, "चुकलं, चुकलं! हितं इडली लिवलंय!" इतक्या वर्षांनी चित्रात का होईना भिकाजीनं ट चा ड केला होता, आणि पोरांनी तीच चूक धरली.

सारिका मॅडम मंगेशला हातानं खुणावत होत्या. मंगेशनं जीभ चावली, पण तोपर्यंत सभागृहात 'इटली, इटली' असा गजर सुरू झालेला. प्रेमाचाच गजर तो, कोणाच्या मनात वाकडं नव्हतं. भिकाजी हसत होता. पण नाव लिहायला रंगात बुडवून हातात धरलेला ब्रश त्यानं हळूच सदऱ्याच्या खिशात टाकला. ललितानं ते बघितलं.

सत्काराला दोघांना वर बोलावलं. शाल, श्रीफळ झालं. आणि जोडी उभी दिसल्यावर बायका थोड्याच सोडतात? मागून वाडीतल्या बनुबाईनं आरोळी दिली, "ललितावैनी, नाव घ्या!" लगेच सगळ्या जणी, "नाव घ्या, नाव घ्या!" भिकाजी घाईघाईनं म्हणाला, "ऱ्हाव द्या, तिला नाय आवडत." त्याला वाटलं, ही आता परत पळणार.

ललितानं मंगेशच्या हातातून माईक काढून घेतला. घेतला कसला, हिसकावलाच. पदर खोचला. पोरांनी "इटलीराव" म्हणायला तोंडं उघडली, तशी तिनं असे डोळे वटारले की तोंडं तशीच उघडी राहिली.

"सावित्रीच्या काठाला तेरडा फुलला,
भिकाजीरावांचा हात माज्या बोलीला भुलला."

माईक चांगला होता. नाव भिंतींवर आपटून परत आलं. आणि ललिता थांबली नाही. "हसताव काय? तो ट माजा व्हता! करवंदं इकत बसलेले, ह्यांनी इचारलं काय लिवू, मी बोलले इटली. ह्यांनी लिवलं. आन् जल्मभर तुमचं ऐकून घेतलं, पन माजं नाव कोनाला सांगितलं नाय. म्हनून आज ह्यांचं नाव मी घेतलं. बस."

कोणी हसलं नाही. येसाजीशेठनी डोळ्यांना पंचा लावला. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं आईला विचारलं, "आये, भिकाजीराव कोन गो?" आणि आई म्हणाली, "ते काय, हुबे हायत ना."

भिकाजीचं काय झालं म्हणता? त्याला धड रडताही येईना आणि हसताही येईना. त्यानं खिशातून ब्रश काढला. सदऱ्याची पार वाट लागली होती. स्टूल आणि रंगाचे डबे आणले, तो चढला, चित्राच्या कोपऱ्यात ब्रश टेकवला आणि त्या पहिल्या बोर्डासारखाच अडला. त्यानं वळून खाली बघितलं.

"काय लिवू गो?"

ललिता लाजली. या वयात, एवढ्या गर्दीत, करवंदांच्या पाटीशी बसलेल्या पोरीसारखी लाजली. एकदा उखाण्यात घेतलं ते घेतलं, पण असं सरळ घ्यायचं म्हणजे! पण त्याला तसंच थोडी ठेवणार? ती हळूच म्हणाली, "लिवा... भिकाजीराव."

त्यानं लिहिलं. लाल रंगात, पिवळी किनार मारून. खाली उतरून मागं सरकून बघितलं तेव्हा मंगेश ओरडला, "आयला, सोताच सोताला राव लावून घेतलास व्हय रे?"

"मी काय करू?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपली बाजू मांडली. "हिनं सांगितलं तसं लिवलं."

ते आजही तसंच आहे, कोणी पुसलेलं नाही. आता भिंतीवरच राव लागलाय म्हटल्यावर आपणही अरे-तुरे पुरे करू. भिकाजीराव स्टूल उचलून जागेवर ठेवून आले, ललिताबाईंच्या शेजारी बसले आणि येसाजीशेठच्या पातेल्यातली इटली दोघांनी एकाच प्लेटीत खाल्ली.